राजगिऱ्याच्या दाण्यातलं तेल आणि आपली दिंडी



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. स्मरणिका काढायची ठरली तेव्हा मंडळींनी विषय वाटून घेतले. कोणी वीणेकऱ्यांची परंपरा लिहिणार, कोणी जुन्या मुक्कामांची माहिती. मला म्हणाले, "बुवा, तुम्ही कोठी सांभाळलीत, तुम्ही कोठीचा इतिहास लिहा." मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. कीर्तनाला दोन तास उभा राहीन, पण कागदावर दोन पानं लिहायची तर हात अडखळतो. तरी लिहायला बसलो, कारण कोठीच्या इतिहासातली एक गोष्ट मी नाही लिहिली तर दुसरं कोणी लिहिणार नाही. ती गोष्ट राजगिऱ्याची आहे, आणि तिच्यात माझी एक चूक आहे.

वारीत आपल्याला दोन एकादश्या लागतात. दुसरी एकादशी पंढरीची, ती सगळ्या जगाला ठाऊक. पहिली ज्येष्ठ वद्य एकादशी, ती वाटेवर येते. माऊलींची पालखी वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, पुण्यात मुक्काम करते, आणि बहुतेक वर्षी एकादशीलाच पुणं सोडून सासवडची वाट धरते. म्हणजे सगळ्या वाटेतला सर्वांत लांब टप्पा, तीस-बत्तीस किलोमीटर, वर दिवेघाटाची चढण, आणि नेमका त्याच दिवशी उपास. ज्याने हे आखलं त्याने वारकऱ्याची परीक्षाच घेतली म्हणायची. त्या दिवशी पोटात काय घालायचं, हा कोठीवाल्याच्या डोक्याला दर वर्षी घोर असतो.

माझ्या लहानपणी आमची आजी वारीला जायची. नंदाखालची मंडळी विरारला गाडीत बसायची, दादरला उतरायची, तिथून पुण्याची गाडी, आणि पुढे आळंदी. आजीच्या गाठोड्यात एक पिशवी आख्ख्या राजगिऱ्याची असायचीच. तयार पीठ ती कधी नेत नसे. मी विचारलं तर म्हणायची, "राजगिरा आख्खा न्यावा, लागेल तेव्हा फोडावा. दळून नेलास तर वाटेत मरतो." दाणा मरतो म्हणजे काय, ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मुक्कामावर तीन दगडांची चूल, वर लोखंडी कढई. कढई चांगली तापली की मूठभर राजगिरा टाकायचा, तेल नाही, तूप नाही, आणि फडक्याच्या बोळ्याने भराभर फिरवायचा. क्षणात तडतड सुरू होते आणि पिवळट दाण्याची पांढरी शुभ्र लाही होते. जरा उशीर केला की करपलाच. त्या लाह्या गुळाच्या पाकात टाकून हाताला पाणी लावून लाडू वळायचे. जुन्या हिशोबाच्या वहीत एकादशीच्या खाली राजगिरा, गूळ, शेंगदाणे आणि रताळी एवढंच लिहिलेलं आहे. आधी शेरात, मग किलोत. पीठ कुठेच नाही.

आता राजगिरा आपल्याकडे आला कुठून, हे थोडं सांगतो. आपल्या वाडीत आपण लाल माठ, हिरवा माठ लावतो, जुड्या बांधून बाजारात पाठवतो. राजगिरा हा त्याच माठाच्या कुळातला. भात, गहू, ज्वारी ही गवताच्या जातीतली धान्यं. राजगिरा गवत नाही, तो पालेभाजीचा दाणा. म्हणून तर तो उपासाला चालतो. भाजीच्या माठाचं बी काळं असतं, दाण्याच्या राजगिऱ्याचं पिवळट पांढरं. एवढं बारीक की एका ग्रॅममध्ये हजार-बाराशे दाणे बसतात.

ह्या दाण्याची मूळ भूमी अमेरिका खंड, विशेष करून मेक्सिको. तिथे अझ्टेक नावाचे लोक राहत. मक्याबरोबर राजगिरा हे त्यांचं मोठं पीक होतं. त्यांच्या राजाला प्रांताप्रांतातून जो कर यायचा त्यात राजगिऱ्याच्या कणगी भरून येत. आणि ऐका, ते लोक राजगिऱ्याचं पीठ गोड पाकात मळून त्याच्या देवाच्या मूर्ती करत, पूजा झाली की मूर्ती मोडून तुकडे सगळ्यांना वाटत. त्यांच्या पूजेत रक्ताचे विधीही होते, ते आपल्याला पटणारे नाहीत, पण इतिहास लिहायचा तर लपवून चालत नाही. १५२१ साली स्पेनच्या सैन्याने त्यांची राजधानी घेतली. नव्या राज्यकर्त्यांनी ती पूजा बंद पाडली, आणि पूजेबरोबर पीकही मागे पडलं. पण डोंगरातल्या गरिबांनी बी जपलं. आजही मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा गुळासारख्या पाकात घालून वडी करतात. तिला ते 'अलेग्रिया' म्हणतात. त्याचा अर्थ आनंद. आपली राजगिऱ्याची चिक्की आणि त्यांचा आनंद, एकच वस्तू.

आपल्या उपासाच्या ताटाकडे नीट बघा. शेंगदाणा, रताळं, बटाटा, मिरची, साबुदाण्याचा कंद, राजगिरा, ही सगळी मूळची त्याच खंडातली. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, मग चिमाजी आप्पांनी घेतली. त्या काळात मिरची, पपई, पेरू, अननस ह्यांनी आपल्या किनाऱ्यावर मूळ धरलं. राजगिऱ्याने आपल्या देशात डोंगर गाठला. हिमालयाच्या बाजूला त्याला रामदाना म्हणतात. गुजरातेत बनासकांठ्यात तो रब्बीला मोठ्या प्रमाणात पिकतो. आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने राजगिऱ्याचं जे वाण काढलं त्याचं नाव 'फुले कार्तिकी'. ज्याने नाव ठेवलं त्याच्या मनात वारी होती की नव्हती देव जाणे, पण मला ऐकून बरं वाटलं. परक्या मुलखात देवाच्या मूर्तीसाठी मळलेला दाणा इथे येऊन रामाचा झाला, एकादशीचा झाला.

आता चुकीकडे येतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कोठी माझ्याकडे होती. दिंडी वाढली होती. आधी मंडळी पन्नास-साठ असायची, आता दीडशेच्या वर गेली. ट्रक आला, गॅस आला, मोठी पातेली आली. दीडशे माणसांचा राजगिरा कढईत मूठमूठ फोडत कोण बसणार? मी म्हटलं, पीठच घेऊन जाऊ, थालीपीठं थापू, काम हलकं होईल. वारीच्या महिनाभर आधी एका व्यापाऱ्याकडे तयार पीठ स्वस्त मिळालं, दोन गोणी घेतल्या. घरी पत्र्याच्या पडवीत ठेवल्या. त्या मे महिन्यात पत्रा किती तापायचा ते तुम्हाला माहीत आहे. मग ट्रकमध्ये ताडपत्रीखाली, वरून पाऊस.

एकादशीला घाट चढून सासवडला पोचलो. मंडळी थकलेली. गोणी उघडली तर वास वेगळा आला. जुन्या तेलाचा, जरा कडवट. स्वयंपाकाच्या बायांनी मला बोलावलं. एक मावशी म्हणाल्या, "बुवा, पीठ खवट झालंय. आज नुसती रताळी उकडू." त्या मावशींच्या चाळीसच्या वर वाऱ्या झालेल्या, त्यांचं ऐकायला हवं होतं. पण पैसे गेले होते, दोन गोणी होत्या, आणि अंगात थोडा कोठीवाल्याचा ताठा होता. मी म्हटलं, "मावशी, वारीत नखरे नकोत. प्रसाद म्हणून खा." प्रसाद म्हटल्यावर वारकरी काय बोलणार? सगळ्यांनी खाल्लं. मावशींनीही खाल्लं.

रात्री पंचवीस-तीस जणांची पोटं बिघडली. उलट्या, जुलाब. डॉक्टरांनी औषधं दिली, पीठ बघितलं आणि म्हणाले, हे माणसाला घालायच्या लायकीचं नाही. बाकीची मंडळी एक-दोन दिवसांत सावरली, मावशी नाही सावरल्या. त्यांना तिथून घरी पाठवावं लागलं. गाडीत बसताना मला म्हणाल्या, "बुवा, माझा नमस्कार सांगा विठोबाला." त्या वर्षी मी तो नमस्कार सांगितला. पुढच्या वारीच्या आत मावशी गेल्या, म्हातारपणाने गेल्या, पण त्यांची शेवटची वारी माझ्यामुळे अर्ध्यावर तुटली. मी पुष्कळ कीर्तनांत अहंकारावर बोललो आहे. हे मात्र कधी बोललो नव्हतो.

पीठ का मेलं, हा प्रश्न मनात राहिला. त्याचं उत्तर मला माझ्या नातीने दिलं. ती विरारला कॉलेजात केमिस्ट्री शिकते. मी तिला आजीचं वाक्य सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, पणजी बरोबर बोलत होती. राजगिऱ्यात तेल असतं, म्हणून." मी म्हटलं, राजगिऱ्यात कसलं तेल? तीळ नाही तो. मग तिने मला नीट बसवून समजावलं. मला जसं समजलं तसं तुम्हाला सांगतो.

शंभर ग्रॅम राजगिऱ्यात साधारण सात ग्रॅम तेल असतं. तिळात किंवा शेंगदाण्यात शंभराला पंचेचाळीस-पन्नास असतं, त्यापुढे हे काहीच नाही. पण गव्हात दोनच्या आसपास, ज्वारीत तीनच्या आसपास, पॉलिश केलेल्या तांदळात एकसुद्धा नाही. म्हणजे रोजच्या धान्याच्या मानाने राजगिरा तेलकट. दाण्याच्या मधोमध पिठूळ भाग असतो आणि त्याच्याभोवती कड्यासारखा गोल कोंब वेढलेला असतो. तेल त्या कोंबात आणि सालीत असतं. दाण्याने आपल्या पोरासाठी ठेवलेली शिदोरीच ती. दाणा आख्खा आहे तोवर शिदोरी झाकलेली. दळलं की शिदोरी उघडी पडली.

आता ते तेल कसलं? कुठलंही तेल म्हणजे निरनिराळ्या आम्लांचं मिश्रण, त्यांना स्निग्ध आम्लं म्हणतात. राजगिऱ्याच्या तेलाचे शंभर वाटे केले तर चाळीस ते पन्नास वाटे लिनोलिक नावाच्या आम्लाचे, वीस ते तीस वाटे ओलिकचे, वीसच्या आसपास पामिटिकचे, आणि राहिलेल्यात स्टिअरिक वगैरे. लिनोलिक हे आपलं शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. करडईच्या, सूर्यफुलाच्या तेलातही तेच मुख्य असतं. म्हणून राजगिरा अंगाला चांगला.

पण जे चांगलं तेच नाजूक. नात म्हणाली, आम्ल म्हणजे साखळी समजा. पामिटिकची सगळी कडी घट्ट. ओलिकच्या साखळीत एक कडी सैल, लिनोलिकच्या साखळीत दोन. हवेतला प्राणवायू त्या सैल कडीलाच येऊन धरतो आणि साखळी तुटते. तुटलेल्या तुकड्यांचा जो वास, तोच खवट वास. खोबरेल बघा, त्याच्यात बहुतेक कडी घट्ट, म्हणून थंडीत गोठतं आणि बराच काळ टिकतं. राजगिऱ्याचं तेल गोठत नाही, पण उघडं पडलं की लवकर बिघडतं. त्यात दाण्याच्या अंगातलाच एक पाचक रस असतो, तो दळल्यावर तेलात मिसळतो आणि ते फोडायला लागतो. ऊन, उजेड, दमट हवा मिळाली की काम आणखी भराभर होतं. माझ्या पडवीत तिन्ही होती.

आता आजीचं वाक्य कळलं का? फाल्गुन-चैत्रात निघालेला राजगिरा आषाढापर्यंत आख्खा राहिला तर त्याला काही होत नाही. मरतो तो दळलेला. आजीला लिनोलिक ठाऊक नव्हतं. तिला नाक होतं, आणि तिच्या आजीने सांगितलेलं ऐकायची नम्रता होती. माझ्याकडे ट्रक होता, नम्रता नव्हती.

नातीने आणखी एक गंमत सांगितली. राजगिऱ्याच्या तेलात स्क्वालीन नावाचा पदार्थ असतो, तेलाच्या शंभर वाट्यांत पाच ते आठ वाटे. दुसऱ्या कुठल्याही खायच्या वनस्पती तेलात तो इतका क्वचितच सापडतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जपानच्या त्सुजिमोतो नावाच्या शास्त्रज्ञाला तो सापडला तो खोल समुद्रातल्या मुशीच्या काळजाच्या तेलात. आपल्या अर्नाळ्याच्या कोळी बांधवांना मुशी सांगायला नको. जे सागराच्या तळाला मुशीच्या पोटात, तेच तुळशीमाळ घातलेल्याच्या लाडवात. आपल्या अंगातही ते तयार होतं, कातडीवर जो तेलकटपणा येतो त्यात असतं. देवाने एकच वस्तू कुठे कुठे ठेवली बघा.

पण इथेच मला सावध करायचं आहे. हल्ली पालखीच्या मुक्कामावर राजगिऱ्याच्या तेलाच्या बाटल्या विकणारे भेटतात. बीपी जातं, साखर जाते, गुडघे बरे होतात, असं सांगतात. आपल्यातल्याच एकाने ते ऐकून बीपीच्या गोळ्या बंद केल्या आणि फलटणला चक्कर येऊन पडला. माऊली, साधा हिशोब करा. शंभराला सात, म्हणजे एक किलो तेलाला चौदा-पंधरा किलो राजगिरा, तेही शेवटचा थेंब निघाला तर. मग ती बाटली दीडदोनशे रुपयांत कशी मिळते? आणि लाडू धरला तर वीस ग्रॅमच्या लाडवात निम्मा गूळ, दहा ग्रॅम राजगिरा, त्यात तेल पाऊण ग्रॅमसुद्धा नाही. राजगिरा चांगलं अन्न आहे. त्यात शंभराला तेरा-चौदा ग्रॅम प्रथिनं आहेत, लोह आहे, चुना आहे. पण अन्न म्हणजे औषध नव्हे. साखरेचा आजार असलेल्यांनी तर लाडू जपूनच खावा, कारण लाहीचा पिठूळ भाग लवकर पचून साखर चढते, आणि वर गूळ आहेच. तुमची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. पांडुरंग काही रागावणार नाही.

मावशींच्या मागे आम्ही कोठीत नियम केले, ते नव्या पोरांसाठी इथे लिहून ठेवतो. राजगिरा आख्खाच घ्यायचा, निवडून, उन्हात वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचा. लाह्या वारीला निघायच्या आठवड्यातच फोडायच्या. लाही झाली तरी दाणा उघडाच पडतो, तीही फार दिवस ठेवायची नाही. लाडू लहान लहान डब्यांत भरायचे, एक डबा संपल्यावरच दुसरा उघडायचा, म्हणजे सगळ्यांना हवा लागत नाही. पीठ लागलंच तर दोन दिवसांपुरतं ताजं दळायचं. आणि शेवटचा नियम, स्वयंपाकाच्या बायांनी वास घेऊन नको म्हटलं तर नको. कोठीवाल्याने त्यावर बोलायचं नाही. प्रसाद हा शब्द चूक झाकायला वापरायचा नाही.

तेव्हापासून वारीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या अंगणात कढया चढतात. चार-पाच घरच्या बाया येतात, पोरं बोळा फिरवायला भांडतात. शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या काकीही लाडू वळायला बसतात, म्हणतात, आमच्याही वाट्याचे चार पंढरीला जाऊ देत. लाह्यांचा ढीग पडतो, वास सगळ्या आळीत जातो. त्या दिवशी मी मावशींच्या नावाचा एक लाडू बाजूला काढतो. दिवेघाटाच्या माथ्यावर गेलं की तो जो कोणी दमलेला दिसेल त्याच्या हातावर ठेवतो, मग तो आपल्या दिंडीचा असो की दुसऱ्या.

शंभर वर्षांत दिंडीने पुष्कळ बदललं. चालणारे वाढले, सामान वाढलं, सोयी वाढल्या. त्यातलं बहुतेक चांगलंच झालं. नामही असंच आहे, रोज ताजं घ्यावं लागतं, साठवून ठेवलेलं उपयोगी पडत नाही. पण ते मी कीर्तनात सांगेन. इथे मला कोठीचंच सांगायचं होतं. पुढच्या शंभर वर्षांत जो कोणी कोठी सांभाळेल त्याने राजगिरा हातात घेतला की एवढं आठवावं की ह्या बारीक दाण्यात तेल आहे, ते आपल्या बळासाठी आहे, आणि ते जपलं नाही तर तेच आपल्याला आडवं करतं.

लिहिताना काही चुकलं असेल तर संतजनांनी पदरात घ्यावं. मावशी, तुमचा नमस्कार मी दर वर्षी सांगतो.

रामकृष्णहरी.